सूरजकुंडचा मेळा: जानेवारी लागला की आम्हाला विचारले जाणारे प्रश्न

लग्न होऊन फरिदाबादला आले तेव्हा माहेरी कुणाला हे गाव नकाशावर दाखवता आलं नसतं. आता तिळगूळ पोचल्याचा फोन आणि सूरजकुंडच्या तारखा विचारायचा फोन बहुधा एकच असतो. पुण्याची मावशी, नागपूरच्या नणंदबाई, सोसायटीतल्या कुणाच्या मुलीची मैत्रीण, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदाच बसून लिहून काढले.

हा मेळा म्हणजे नक्की काय? प्रदर्शन, जत्रा की बाजार?

तिन्ही. दिल्लीच्या दक्षिण सीमेला लागून, हरियाणाच्या फरिदाबाद जिल्ह्यात, अरवलीच्या खडकाळ उतारावर सुमारे 40 एकरांत हा मेळा भरतो. देशभरातले विणकर, कुंभार, सुतार, चितारी, ओतारी हजाराच्या आसपास छोट्या झोपड्यांमध्ये आपला माल मांडून बसतात. या झोपड्यांना इथे सगळे 'हट' म्हणतात. मधल्या मोकळ्या जागांत दिवसभर ढोल, नगारे, बीन चालू असतं आणि एका बाजूला खाण्याचे स्टॉल. 1987 साली सुरुवात झाली. 2013 पासून मेळ्याला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, म्हणून पाटीवर लांबलचक नाव दिसतं. रिक्षावाल्याला मात्र 'सूरजकुंड मेला' एवढंच कळतं. भरवतं हरियाणा पर्यटन आणि मेळ्याचं स्वतंत्र प्राधिकरण, केंद्राच्या पर्यटन, वस्त्रोद्योग, संस्कृती आणि परराष्ट्र मंत्रालयांच्या मदतीनं.

कधी असतो?

फेब्रुवारीत, साधारण पंधरा ते सतरा दिवस. पूर्वी 1 ते 15 फेब्रुवारी हे पंचांगासारखं ठरलेलं होतं. हल्ली तारखा थोड्या सरकतात: 2023 ला 3 ते 19, 2024 ला 2 ते 18, 2025 ला 7 ते 23 फेब्रुवारी. कोविडमुळे 2021 चा मेळा झालाच नाही आणि 2022 चा थेट 19 मार्चला सुरू झाला. त्या वर्षी दुपारी उन्हात उभं राहवत नव्हतं, तेव्हा कळलं की फेब्रुवारी ठरवणाऱ्यांनी विचार करून ठरवला होता. जाहीर झालेली तारीख बघितल्याशिवाय रेल्वेचं आरक्षण करू नका.

सूरजकुंड हे नाव कशावरून? तिथे खरंच कुंड आहे का?

आहे, आणि दर दहा पाहुण्यांतले नऊ ते न बघताच परत जातात. मेळ्याच्या मैदानाजवळच दगडी पायऱ्यांचं, नाट्यगृहासारखं अर्धवर्तुळाकार कुंड आहे. दहाव्या शतकात तोमर घराण्यातल्या सूरजपालानं ते बांधलं असं मानतात. पुढे चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं पायऱ्यांची दुरुस्ती केली. कुंडाचं तोंड पूर्वेला, उगवतीकडे. अरवलीवरून वाहून येणारं पावसाचं पाणी इथे साठवायचे. आता ते बहुतेक काळ कोरडंच असतं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे मेळ्याच्या तिकिटावर आत सोडत नाहीत. सकाळी मेळ्याचं दार उघडण्याआधी अर्धा तास तिथे पायरीवर बसा. पुढचे सहा तास कानाला विश्रांती मिळणार नाही.

मुंबई-पुण्याहून कसं पोचायचं?

रेल्वेनं येणार असाल तर नवी दिल्लीपर्यंत जाऊ नका, हजरत निजामुद्दीनला उतरा. मुंबईहून येणारी ऑगस्ट क्रांती राजधानी आणि वास्कोहून बेळगाव, मिरज, पुणेमार्गे येणारी गोवा एक्सप्रेस तिथेच संपतात. स्टेशनाला लागूनच गुलाबी मेट्रो आहे. ती पकडून लाजपतनगरला उतरा, तिथे जांभळी लाइन घ्या आणि बदरपूर बॉर्डरला बाहेर पडा. पुढे ऑटो किंवा ई-रिक्षा. मेळ्याच्या दिवसांत दिल्लीतून आणि गुरुग्रामहून हरियाणा रोडवेजच्या जादा बसही सुटतात.

बदरपूरला खाली उतरताच दहा जण अंगावर येतील, 'मेला, मेला' करत. शेअर ऑटोत बसा आणि बसण्याआधी भाडं ठरवा. स्वतःची गाडी घेऊन शनिवार-रविवारी येण्याचा मोह आवरा. आमच्या घरापासून मैदान जवळ आहे, पण एका रविवारी पार्किंगच्या रांगेत आमचा सव्वा तास गेला आणि मुलानं घरून आणलेले सगळे पराठे गाडीतच संपवले.

तिकीट किती? ऑनलाइन मिळतं का?

2023 पासून सोमवार ते शुक्रवार 120 रुपये आणि शनिवार-रविवारी 180 असा दर होता. ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि सैनिकांना निम्म्या दरात मिळतं, ओळखपत्र जवळ ठेवा. अलीकडे तिकीट दिल्ली मेट्रोच्या ॲपवर आणि स्टेशनांवरही मिळतं, त्यामुळे दारावरच्या खिडकीशी रेटारेटी करायचं कारण उरलेलं नाही.

कोणता दिवस चांगला? किती वेळ लागतो?

मंगळवार, बुधवार, गुरुवार. बस्स. शनिवार-रविवारी आख्खी दिल्ली इथे लोटते. अलीकडच्या वर्षांत एकूण येणाऱ्यांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेलाय आणि त्यातले निम्मे आपल्याच समोर चालतायत असं रविवारी वाटतं. सुट्टीच्या दिवशी गर्दीतून कारागिराचा चेहरासुद्धा दिसत नाही, मग बोलणार कसं?

सकाळी दार उघडलं की आत शिरा. पहिले दोन तास कारागीर माल झटकत, चहा पीत असतात, तेव्हाच गप्पा होतात. दुपारी शाळांच्या सहली येतात. संध्याकाळी दिवे लागले की मैदान सुंदर दिसतं, पण मग तो मेळा फिरायचा आणि फोटो काढायचा, बघायचा नव्हे. एक पूर्ण दिवस द्या. ज्यांना 'तासाभरात उरकून' पुढे ताजमहाल गाठायचा असतो त्यांना मी सरळ सांगते, येऊ नका.

दर वर्षी एक राज्य असतं म्हणे. महाराष्ट्र कधी होता?

हो, त्याला 'थीम स्टेट' म्हणतात. 1989 साली राजस्थानपासून ही प्रथा सुरू झाली. त्या राज्याची कमान उभी राहते, त्याचे कारागीर आणि कलापथकं जास्त संख्येनं येतात, सजावटही त्यांचीच. महाराष्ट्राला हा मान 2006 आणि 2019 असा दोनदा मिळाला. गोव्यालाही दोनदा, 2001 आणि 2014 ला. 2024 ला गुजरात होता, 2025 ला पहिल्यांदा ओडिशा आणि मध्य प्रदेश अशी दोन राज्यं एकत्र होती.

2019 ला रायगडाचा देखावा उभारला होता. ढोल-ताशा सुरू झाला आणि माझ्या शेजारची हरियाणवी ताई कानावर हात ठेवून म्हणाली, 'ये तो म्हारे नगाड़े का भी बाप सै!' ते वर्ष मी सहा वेळा गेले. घरच्यांनी हिशोब ठेवलाय.

एरवीच्या वर्षीही आपले लोक असतातच. कोल्हापुरी चपला, पैठणी, वारली चित्रं, क्वचित सावंतवाडीची लाकडी फळं किंवा पिंगुळीची चित्रकथी. मराठीत बोलायला लागलात की चहा मिळतो आणि भावात थोडं मागेपुढेही होतं. त्याचा गैरफायदा घेऊ नका.

तिथून काय घ्यावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही. माझं साधं मत आहे: जे आपल्या गावात मिळतं ते इथून नेऊ नका आणि जे दाखवायला कारागीर स्वतः बसलाय ते आधी बघा.

माझ्यापुरतं सांगते. मणिपूरच्या लोंगपी गावची काळी भांडी. ती चाकावर करत नाहीत. तिथला दगड कुटून, मातीत मिसळून हातानं थापतात, भाजतात आणि गरम असतानाच एका झाडाच्या पानांनी घासतात, म्हणून ती चकाकी. गॅसवर थेट ठेवता येतात. माझ्याकडच्या एकात सात वर्षं आमटी होते आहे.

जयपूरची निळी भांडी म्हणजे मातीची, असं सगळ्यांना वाटतं. ती मातीची नसतात. गारगोटीची पूड, काचेचा चुरा, थोडी मुलतानी माती, असा लगदा साच्यात दाबतात. म्हणून ती चाकाच्या भांड्यासारखी पातळ आणि झंकारती नसतात, आणि आपटली की गेलीच.

छत्तीसगड-ओडिशाचं ढोकरा काम घ्याल तर एवढं लक्षात ठेवा की तसंच दुसरं कुठेही मिळणार नाही. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे वळून आकृती करतात, वर मातीचा लेप देतात, आत वितळलेलं पितळ ओततात. मेण वितळून गेलेल्या जागी धातू बसतो आणि मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो. दोन हत्ती घेतलेत तर ते सख्खे भाऊ असतील, जुळे नाहीत.

हरियाणाच्या मेळ्यात येऊन पानिपतच्या हातमागाचं काही न घेता जायचं नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. पानिपत म्हटलं की आपल्याला 1761 आठवतं, इथल्या लोकांना चादरी, सतरंज्या आणि खेस आठवतात. खेस म्हणजे जाड सुती पांघरूण. पुण्याच्या थंडीला पुरून उरतं.

आणि बिदरी. कर्नाटकातलं बिदर आपल्या लातूर-उदगीरला लागून, तरी बिदरी काम जवळून बघितलेलं आपल्यात थोडेच सापडतात. दोन वर्षांपूर्वी एका हटसमोर मी पाऊण तास उभी होते. त्या चाचांच्या मांडीत जस्त-तांब्याच्या मिश्रधातूची सुरई होती, दिसायला राखाडी, निस्तेज. तिच्यावर मोरचूद फासून त्यांनी ती तात्पुरती काळी केली, म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. मग छिन्नीनं वेल कोरली. कागदावर आधी काही काढलेलं नव्हतं, हातच चालत होता. खाचेत चांदीची तार ठेवायची, हातोडीनं हलकेच ठोकून बसवायची. सगळं घासलं की परत राखाडी. आता चांदी कुठे आणि जस्त कुठे, काही कळेना. तेव्हा त्यांनी तयार केलेली दुसरी वाटी गरम केली आणि डब्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून तिच्यावर चोळली. वाटी डोळ्यांदेखत काळीकुळकुळीत झाली आणि चांदीचा वेल मात्र पांढरा शुभ्र वर आला. ती माती बिदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षं पाऊस न लागलेल्या जागेची. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. मीही विचारलं, 'चाखू का?' ते म्हणाले, 'आपको सिर्फ़ मिट्टी लगेगी।' खरंच नुसती माती लागली.

मी एक छोटी डबी घेतली. किंमत आधी विचारली असती तर महाग म्हटलं असतं.

हाताचं खरं आणि मशीनचं खोटं कसं ओळखायचं?

मी स्वतः फसलेय, म्हणून सांगायचा अधिकार आहे असं समजते. सुरुवातीच्या एका वर्षी 'हातानं ठसे मारलेली' म्हणून एक डबल बेडची चादर घेतली. घरी अंथरली आणि बघत बसले. एका फुलाच्या कडेला रंग ओघळल्याचा ठिपका होता. हातकाम म्हटलं की असं व्हायचंच, म्हणून मी खूश. मग दिसलं की हातभर अंतरावर तोच ठिपका, तसाच, त्याच फुलाला. पुढे परत. अख्ख्या चादरीवर अकरा वेळा. हात चुकतो, पण तीच चूक अकरा वेळा मोजून-मापून करत नाही. ती चौकटीवरची छपाई होती, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. हाताच्या ठशात रंग कुठे गडद, कुठे फिका असतो, ठसा ठशाला जुळतो तिथे केसभर फट किंवा चढ दिसतो आणि सुती कापडाच्या मागच्या बाजूला रंग उतरलेला असतो.

अजरख म्हणजे कच्छची ठशांची छपाई. त्यात तर दोन्ही बाजूंनी छापतात, धुणं, वाळवणं, नीळ, परत धुणं असं कितीदा तरी होतं. त्याला पाणीही हवं तसंच लागतं. 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले, म्हणून तिथल्या खत्री कारागिरांतल्या अनेकांनी अजरखपूर नावाचं नवं गावच वसवलं. असं काही सांगणारा माणूस समोर असेल तर तो व्यापारी नव्हे.

हीच खरी परीक्षा. मेळ्यात कारागिरांच्या शेजारी निव्वळ व्यापारीही बसलेले असतात. ज्या हटमध्ये एका बाजूला लखनौचं चिकन भरतकाम, दुसऱ्या बाजूला पंजाबची फुलकारी आणि वर काश्मीरचा पश्मिना टांगलेला आहे, तिथला माणूस यातलं काहीच करत नाही. 'हे कसं करता?' एवढंच विचारा. करणारा माणूस वस्तू हातात घेतो, उलटी करून दाखवतो, तुमचं गिऱ्हाईकपण विसरतो. न करणारा 'असली है मॅडम, गारंटी' म्हणतो. गारंटी शब्द आला की मी पुढच्या हटकडे वळते.

पश्मिन्याच्या शाली अंगठीतून ओढून दाखवतात त्यावर जाऊ नका. पातळ कृत्रिम शालही अंगठीतून आरामात निघते. काश्मीर पश्मिन्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तपासलेल्या शालीला तसं लेबल असतं. दीड हजारात लेबलाची शाल मिळत नाही. मिळाली तर ती शाल आहे, पश्मिना नाही. रेशमी साडीला सिल्क मार्क आणि हातमागाला हँडलूम मार्क बघा. कोल्हापुरी चपलेलाही 2019 ला मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे मिळून. त्यामुळे अथणीच्या कारागिराची चपलही अस्सलच, उगाच नाक मुरडू नका.

घासाघीस करावी का?

व्यापाऱ्याशी करा, मनसोक्त. कारागिराशी करताना आधी कामाचे दिवस विचारा. चार दिवसांचं काम असेल आणि भाव हजार असेल तर तुमच्याच घरी कामाला येणाऱ्या बाईंची रोजी आठवा आणि मग काय म्हणायचं ते म्हणा. दोन-तीन नग घेताना 'काहीतरी कमी करा' म्हणणं रीतीला धरून आहे, तेही हसून देतात. 'राऊंड फिगर करा' हेही चालतं. निम्म्यापासून सुरुवात करायची दिल्लीची सवय इथे आणू नका.

यूपीआय सगळीकडे आहे. पण रविवारी गर्दीत नेटवर्क बसतं आणि चाक फिरत राहतं. थोडी रोख ठेवा, सुटे पैसे ठेवा.

खायला काय मिळतं?

गोहान्याची जिलेबी. बाकीचं नंतर.

सोनीपत जिल्ह्यातल्या गोहान्याची ही जिलेबी एकेक पाव किलोची असते, साजूक तुपात तळलेली. तिला इथे 'जलेबा' म्हणतात, कारण त्या आकाराला स्त्रीलिंग शोभत नाही. चौघांत एक घ्या. आमच्या मामांनी एकट्यानं एक संपवून दाखवली आणि मग दुपारभर चौपालाच्या कट्ट्यावर डोळे मिटून 'संगीत ऐकत' होते.

बाजरीची खिचडी वर तुपाचा गोळा घालून, मक्याची भाकरी आणि सरसोंचा साग, राजस्थानी दाल-बाटी, बिहारी लिट्टी-चोखा हे भरवशाचं. थीम राज्याचा खाण्याचा स्टॉल शोधून काढा, तिथे दुसरीकडे न मिळणारं काही हमखास असतं. वडापाव दिसला तर फोटो काढा आणि पुढे जा. पाण्याची बाटली घरून आणा.

नाच-गाणी कुठे आणि किती वाजता?

दोन चौपाल आहेत, मोठा आणि छोटा. चौपाल म्हणजे आपली चावडी. तिथे दिवसभर आळीपाळीनं पथकं येतात: पंजाबचा भांगडा, आसामचा बिहू, राजस्थानचं कालबेलिया, गुजरातमधल्या सिद्दींचं धमाल, कधी आपली लावणी किंवा धनगरी गजा. संध्याकाळी उघड्या नाट्यगृहात नावाजलेल्या कलाकारांचे कार्यक्रम होतात, त्यासाठी वेळेआधी जागा धरावी लागते.

पण मला विचाराल तर खरी मजा रस्त्यावर. हरियाणाचे बीनवाले, पिवळे-भगवे कपडे घालून, बीन-तुंबा-ढोलक घेऊन कुठल्याही वळणावर उभे राहतात आणि क्षणात शाळेची आख्खी सहल नाचायला लागते. बहुरूपी असतात. कधी हनुमान, कधी पोलीस, कधी जादूगार. एकदा एका बहुरूप्यानं आमच्या सासूबाईंकडे तोंड करून यमाचं रूप धरलं. त्या शांतपणे म्हणाल्या, 'अजून खेस घ्यायचाय, नंतर ये.' त्याला मराठी कळलं नाही, सूर कळला. पाया पडून गेला.

'अपना घर' नावाचा भाग चुकवू नका. हरियाणवी संसाराची जुनी भांडी, चरखे, हुक्के मांडलेले असतात आणि 'पगड़ी बंधाओ, फोटो खिंचाओ' अशी पाटी असते. ती पगडी बांधायला सात-आठ मीटर कापड लागतं आणि बांधणाऱ्याला मिनिटही लागत नाही. आपल्या फेट्याशी तुलना करायचा मोह होईल. करा, ते लोक रंगून वाद घालतात.

वयस्कर माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर?

जमीन सपाट नाही. अरवलीचा उतार आहे, मध्येच खडक, मध्येच पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांना आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आणा, एका चौपालाभोवतीच्या हटच दाखवा आणि दुपारी परत न्या. बसायला कट्टे आहेत.

मुलांच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ध्वनिक्षेपकावर दर पाच मिनिटांनी कुणीतरी हरवलेलं असतं. कुंभाराच्या चाकावर बसू देणारे कारागीर सापडले तर मुलांचा तास तिथेच जातो, आणि त्यांचे कपडेही.

कपडे काय घालावेत?

सकाळी स्वेटर, दुपारी नुसता कुर्ता, सूर्य मावळला की शाल. मुंबईहून येणाऱ्यांचा दुपारच्या उन्हावर विश्वास बसतो आणि संध्याकाळी सात वाजता ते दात वाजवत नवी शाल सोडवतात. फेब्रुवारीत एखाद-दोन दिवस पाऊसही होतो. बूट घाला, धूळ खूप असते. नव्या कोल्हापुरीचं उद्घाटन इथे करू नका.

घेतलेलं घरी न्यायचं कसं?

मोठ्या वस्तूंसाठी बरेच कारागीर कुरिअरची व्यवस्था करून देतात. पावती, हट क्रमांक आणि कारागिराचा मोबाइल नंबर लिहून घ्या. भांडी स्वतःच न्यायची असतील तर त्यांना नव्या चादरीत गुंडाळा, दोन्ही खरेद्या एकमेकींना सांभाळतात. विमानात धातूच्या टोकदार वस्तू हातातल्या पिशवीत ठेवू नका. रेल्वेत खालच्या बर्थखाली आतल्या बाजूला ठेवा. चहावाल्यानं किटली टेकवली आणि आमची टेराकोटाची घोड्याची जोडी भोपाळ यायच्या आत एकट्या घोड्यावर आली.

परदेशी स्टॉल बघण्यासारखे असतात का?

काही. उझबेकिस्तानचं सुझनी भरतकाम जवळून बघा, आपल्या भरतकामाची नातलग वाटते. अफगाण सुका मेवा चाखून घ्या. बाकी बऱ्याच ठिकाणी दिवे आणि चमकत्या बांगड्या असतात, त्या चांदणी चौकातही मिळतात. बहुतेक वर्षी एक भागीदार देश असतो: 2019 ला थायलंड, 2022 ला उझबेकिस्तान, 2024 ला टांझानिया.

आमची ओळखीची एक कारागीर आहे. तिला इथे हट मिळेल का?

मिळू शकते. त्याची सुरुवात कारागीर ओळखपत्रापासून होते. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचे विकास आयुक्त (हस्तशिल्प) ते देतात, त्याला 'पहचान' कार्ड म्हणतात. त्यांचं विभागीय कार्यालय मुंबईत आहे. मेळ्यासाठी अर्ज काही महिने आधी मागवतात. राष्ट्रीय किंवा राज्य पुरस्कार असेल तर पारडं जड होतं. मेळ्यातही उत्तम कारागिरांना कलारत्न, कलामणी, कलाश्री असे सन्मान देतात.

तिला एक गोष्ट आधीच सांगा. विकायला आणि करून दाखवायला एकच माणूस असेल तर पंधरा दिवसांत घसा आणि हात दोन्ही जातात. सोबत घरचं कुणीतरी हवंच. आणि छोटा माल आणायला सांगा. वारलीचं चार फुटी चित्र लोक बघतात, हातभराचं घेऊन जातात.

एवढ्या लांब यायला जमत नाही. जवळपास असं काही?

पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरात असते. मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, तिथे महिला बचत गटांचा माल आणि जेवण, दोन्ही अप्रतिम. नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा, पणजीला लोकोत्सव. थोडा प्रवास चालत असेल तर उदयपूरचा शिल्पग्राम उत्सव 21 ते 30 डिसेंबरला असतो. तो पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा, म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा त्यात घरचेच. दिल्लीला कामानिमित्त आलात आणि मेळ्याचे दिवस नसले तर आयएनएजवळचं दिल्ली हाट वर्षभर उघडं असतं. गर्दी कमी, भाव जास्त.

शेवटच्या दिवशी सगळं स्वस्त मिळतं, खरं का?

खरं आहे. उरलेला माल परत न्यायचं भाडं आणि फुटतुटीची धास्ती असते, म्हणून संध्याकाळी चार-पाचनंतर भाव उतरतात. जड वस्तूंचे जास्त: मातीच्या कुंड्या, दगडी मूर्ती, लाकडी फर्निचर. कापडवाले फारसे उतरत नाहीत, त्यांची गाठोडी बांधली की निघाली.

मी शेवटच्या दिवशी जाते, पण खरेदीला नाही. रिकामे खोके आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन जाते. पॅकिंगला कागद तिथे सोन्याच्या भावानं जातो. गेल्या खेपेला बिदरीवाल्या चाचांना मराठी वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला, तर त्यांनी आधी भविष्याचं पान काढून बाजूला ठेवलं. म्हणाले, सीमेवरच्या माणसाला थोडं वाचता येतं.